बिऱ्हाड हलवितांना ट्रॉलींतील चीजवस्तूंचें रक्षण

शेतकऱ्याच्या आयुष्यांत बिऱ्हाड हलविण्याचा प्रसंग फार वेळां येत नाहीं; परंतु येतो तेव्हां एकटा येत नाहीं. धरणाच्या पाण्याखालीं गांव जातें, भावाभावांची वाटणी होते, गांवठाणांतील पडकें घर सोडून मळ्यांत वस्ती करावी लागते, मुलांच्या शाळेपायीं तालुक्याच्या गांवीं खोली घ्यावी लागते. अशा वेळीं घरांतील मंडळींचें मन नाना चिंतांनीं व्यापलेलें असतें, आणि पिढ्यान्‌पिढ्या चार भिंतींच्या आड राहिलेली चीजवस्त एका दिवसांत उघड्या हौद्यांत येऊन रस्त्याला लागते. चोराला याहून सोयीची घडी दुसरी कोणती? बैलगाडीच्या काळीं गाडी माणसाच्या चालीनें जाई व मागून घरचें कोणी तरी चालत असे. आतां ट्रॅक्टरच्या मागें ट्रॉली लागते. हांकणाऱ्याची पाठ मालाकडे, कानांत यंत्राचा आवाज, आणि मागील फाळक्यापाशीं काय चाललें आहे याची त्यास वार्ताहि नसते.

आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी केली. त्या नोकरींत बदली चुकत नाहीं. आमचें बिऱ्हाड सहा वेळां हललें. पांच वेळां सुखरूप पोंचलें, एकदां नाहीं. त्या एका वेळची हकीकत आधीं सांगतों. कारण पुढें ज्या सूचना लिहिणार आहों त्यांतील बहुतेक तिच्यांतूनच निघाल्या आहेत.

बदलीचा हुकूम जूनच्या पहिल्या आठवड्यांत हातीं पडला. पाऊस तोंडावर आलेला, म्हणून घाई. एका ओळखीच्या इसमाची ट्रॉली भाड्यानें ठरविली. आमच्या कुटुंबाची एक बोरमाळ व दोन पाटल्या होत्या. "अहो, माझ्यापाशींच राहूं द्या, मी पदराआड घेऊन बसतें," असें तिनें सांगितलें. आम्हीं तिला कायदा शिकविला. एस. टी.च्या गर्दींत अंगावर सोनें नको. लोखंडी ट्रंकेला कुलूप आहे, ती सामानांत जाईल, कोणास काय कळणार? तिनें दागिने काढून दिले. त्याच ट्रंकेंत आमचें घरगुती दप्तर होतें: वडिलांच्या नांवचें मूळ खरेदीखत, भावांतील वाटणीचा कागद आणि सोनाराच्या पावत्या. कागद उतरल्याबरोबर हातीं लागावे म्हणून ट्रंक सर्वांत शेवटीं, फाळक्याला लागून ठेविली. वाटेंत चहासाठीं गाडी अर्धा तास थांबली. हांकणारा व सोबत दिलेला आमचा मेहुणा दोघेहि आंत जाऊन बसले. मुक्कामीं आलों तों दोर तसाच, ताडपत्री तशीच. फाळक्याची एक खुंटी मात्र निघालेली होती, आणि ट्रंक नव्हती.

ठाण्यांत फौजदारांनीं विचारलें, पाटल्यांचें वजन किती? बोरमाळ कोठें घडविली, कोणत्या सालीं? लोकांच्या घरच्या पंचनाम्यांत 'पितळी घागर एक, जुनी वापरती, कांठास पोचा आलेला' असें अठरा वर्षें लिहीत आलेले आम्ही, आमच्याच घरच्या सोन्याचें वजन सांगूं शकलों नाहीं. पावत्या ट्रंकेबरोबरच गेल्या होत्या. बाहेर बाकावर बसलेल्या आमच्या कुटुंबाला मात्र बोरमाळेंतील मण्यांची संख्या तोंडपाठ होती. तिला तोंवर कोणीं विचारलेंच नव्हतें. दागिने सांपडले नाहींत. तिनें आजवर त्यावरून एक शब्द बोलून दाखविला नाहीं. पुढच्या बदलीच्या वेळीं मात्र तिनें आपली पिशवी कोणास न विचारतां पोटाशीं धरली आणि गाडींत जाऊन बसली. असो.

यावरून पहिली गोष्ट ही कीं, जी वस्तु माणसाच्या अंगाबरोबर जाऊं शकते ती ट्रॉलींत घालूं नये. सोनें, रोकड, बँकेचीं पुस्तकें व मूळ कागद हीं सामान नव्हेत. रोकड कंबरेच्या कशांत, आणि तीहि एकाच माणसाजवळ नको. दोघांत वांटून द्यावी. सोनें अधिक असेल तर हलण्याच्या आठ दिवस आधींच बँकेच्या लॉकरांत ठेवावें व नवें घर बसल्यावर सवडीनें आणावें. लॉकरांत ठेवलें म्हणजे सर्व जोखीम बँकेची झाली असा एक समज आहे, तो बरोबर नाहीं. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें चोरी, दरोडा, आग किंवा बँकेच्या नोकरानें केलेली लबाडी यांमुळें नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंत आहे. तरी चालत्या ट्रॉलीपेक्षां ती जागा केव्हांहि बरी.

कागदांविषयीं आम्ही थोडें विस्तारानें लिहितों, कारण आमचा जन्म त्यांतच गेला, आणि शेतकऱ्याचें खरें धन पुष्कळदां त्या मळक्या रुमालांतच असतें. कागद तीन प्रकारचे समजावेत. पहिला प्रकार सरकारी दप्तरीं ज्याचें मूळ आहे असा: सातबारा, आठ अ, फेरफार. हे हरवले तरी घाबरण्याचें कारण नाहीं. सातबारा व आठ अ तर आतां डिजिटल सहीसह घरबसल्या मिळतात. दुसरा प्रकार नोंदलेल्या दस्तांचा: खरेदीखत, गहाणखत, नोंदणी झालेलें बक्षीसपत्र. यांची प्रमाणित नक्कल दुय्यम निबंधकांच्या कचेरींतून मिळते. परंतु त्यासाठीं दस्ताचा क्रमांक, साल व कचेरी ठाऊक हवी, नाहीं तर सूची उलगडीत बसावें लागतें. आम्हीं तेंच केलें. वडिलांचें खरेदीखत कोणत्या सालचें याविषयीं दोघा भावांचीं दोन मतें पडलीं, आणि शोधांत तीन महिने गेले. तिसरा प्रकार सर्वांत नाजूक. आपसांत केलेला वाटणीचा कागद, नोंदणी न केलेलें मृत्युपत्र, उसनवारीची चिठ्ठी, सावकाराची फेडीची पावती, यांची दुसरी प्रत जगांत कोठेंच नसते. हा कागद गेला कीं गेला. आमचा वाटणीचा कागद असाच गेला. सुदैवानें भाऊ भला निघाला आणि जुन्या वहिवाटीवरून आम्हीं फेरफार करून घेतला. प्रत्येकाचा भाऊ तसा निघेल असें नाहीं. म्हणून तिसऱ्या प्रकारचे कागद कुटुंबांतील कर्त्या माणसानें स्वतःच्या पिशवींत, पावसापासून मेणकापडांत गुंडाळून न्यावेत, आणि तिन्ही प्रकारच्या कागदांचे फोटो हातांतील मोबाईलवर काढून ते दुसऱ्या गांवीं असलेल्या एखाद्या विश्वासू नातलगाकडे पाठवून ठेवावेत. फोटो हा मूळ कागद नव्हे. परंतु शोधाला त्यानें धागा मिळतो.

दुसरी गोष्ट यादीची. घर हलण्याच्या आधीं दोन दिवस शांतपणें बसून सर्व मोलाच्या वस्तूंची जडती करावी. कोऱ्या वहींत अनुक्रमांक, वस्तु, खूण, वजन किंवा माप, अंदाजी किंमत असे रकाने पाडावेत. दागिन्याचें वजन सोनाराकडून करून घ्यावें, मणी मोजावेत आणि घरांतील बायकांना विचारून लिहावें. पुरुषांस वाटतें आपणांस माहीत आहे, पण तें नसतें. हल्लीं हॉलमार्क असलेल्या दागिन्यावर अक्षरें व अंक मिळून सहांचा एक स्वतंत्र क्रमांक कोरलेला असतो; १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा नवा दागिना या क्रमांकावांचून विकतां येत नाहीं. हा क्रमांक भिंगानें पाहून यादींत उतरवावा. विजेची मोटर, स्टार्टर, फवारणीचा पंप यांच्या पाटीवर कारखान्याचा अनुक्रमांक असतो, तोहि घ्यावा. बोअरची मोटर व तिची तांब्याची केबल यांवर चोरांची नजर फार; हौद्यांत वेटोळें घालून वर ठेवलेली केबल म्हणजे उघडें आमंत्रण होय. केबल पोत्यांत घालून पोतें शिवावें आणि भुशाच्या पोत्यांत मिसळून टाकावें.

भांड्यांवर नांव घालण्याची आपली जुनी चाल कांहीं केवळ हौस नव्हती. तांब्यापितळेच्या भांड्यावर 'अमक्याच्या लग्नांत तमक्याकडून' असें कोरलेलें असलें म्हणजे मोडीच्या दुकानांतसुद्धां तें भांडें आपली साक्ष आपण देतें. हींच अक्षरें नांगराच्या फाळावर, पहारीवर, जॅकवर, ट्रॉलीच्या दांडीवर लोखंडी पंचानें ठोकून घ्यावींत. लोहाराचें अर्ध्या तासाचें काम आहे. खोक्यांवर मात्र कधींहि 'चांदीचीं भांडीं', 'कपाटाच्या किल्ल्या' असें लिहूं नये. खोक्यावर नुसता आंकडा घालावा आणि आंकड्याचा अर्थ वहींत असावा. वहीची एक प्रत गाडीबरोबर, दुसरी मागें राहणाऱ्या आप्ताकडे.

आतां पेटी व कुलूप. लोक कुलूप भारी घेतात आणि कोयंडा हलका ठेवितात. चोर कुलपास हात लावीतच नाहीं. कोयंडा जर स्क्रूनें लाकडावर बसविला असेल तर पहारीचें टोंक त्याखालीं घालून दाबलें कीं स्क्रू मुळ्यासारखे उपटून येतात. यास्तव कोयंडा आरपार बोल्टांनीं बसवावा. बोल्टाचा माथा बाहेरून गोल, म्हणजे त्यावर पाना चालत नाहीं. आंतून रुंद वायसर व नट, आणि नटाबाहेर निघालेलें टोंक हातोड्यानें ठेचून बसवावें. बिजागऱ्या बाहेरच्या बाजूस असतील तर त्यांची खीळ ठोकून काढतां येते आणि कुलूप जसेंच्या तसें राहून झांकण मागून उघडतें! ती खीळ दोन्ही टोंकांस वेल्डिंगनें डागून घ्यावी. कुलूप असें निवडावें कीं लावल्यावर त्याची कडी बाहेर फार दिसूं नये. उघडी कडी लांब दांड्यांच्या कात्रीनें क्षणांत तुटते. कडी झांकलेली असली म्हणजे कात्रीचें तोंड तींत शिरत नाहीं. अस्सल करवतीपुढें कोणतेंहि कुलूप कायमचें टिकत नाहीं हें खरें. पण चहाच्या दुकानाबाहेरच्या चोरापाशीं वेळ नसतो, आणि आपणांस त्याचा वेळच हिरावून घ्यावयाचा आहे.

आम्ही उपकोषागारांत कांहीं काळ होतों. तेथील खजिन्याच्या खोलीला दुहेरी कुलूप असे व दोन कुलपांच्या किल्ल्या दोन निरनिराळ्या अधिकाऱ्यांकडे. एकट्यानें कोणीहि उघडूं शकत नसे. घरच्या प्रवासांत इतकी व्यवस्था नको. परंतु किल्ल्यांचा जुडगा गाडी हांकणाराजवळ देऊं नये आणि दुसरी किल्ली त्याच पेटीच्या तळाशीं टाकूं नये, एवढें तरी पाळावें. हंसूं नये, असें केलेलें आम्हीं पाहिलें आहे. निवडणुकीच्या कामांत मतदानयंत्रांच्या पेट्यांवर कागदी मोहोर चिकटवून तीवर सह्या घेतात. मोहोर चोरी थांबवीत नाहीं, पण हात लागला कीं सांगते. ताडपत्रीच्या दोराचीं दोन्ही टोंकें एका जागीं आणून गांठीवर लाखेचा ठिपका द्यावा, पेटीच्या सांध्यावर सही केलेली कागदाची पट्टी चिकटवावी. प्रत्येक थांब्यावर हात लावून पाहिलें कीं पुरे. आमची खुंटी कोणत्या थांब्यावर निघाली हें आम्हांस आजहि निश्चित सांगतां येत नाहीं. चहाचा थांबा हा केवळ तर्क आहे.

सामान भरण्याचा क्रम असा ठेवावा. कुलूपबंद पेटी सर्वांत आधीं चढवावी व हौद्याच्या पुढील भिंतीस भिडवावी. पेटीच्या दोन्ही कड्यांतून आंखूड साखळी ओंवून ती हौद्याच्या लोखंडी पट्टीस कुलपानें बांधावी. साखळी लांब ठेवली तर पेटी ओढून बाहेर काढतां येते व साखळीवर पहार चालवावयास जागा मिळते. तिच्यावर व भोंवतीं जड सामान यावें: जातें, धान्याचीं पोतीं, नांगर. लोखंडी कपाट खालीं गोधडी घालून दारावर पालथें निजवावें. मग त्याचें दार उघडावयाचें तर आधीं सगळें कपाट उचलावें लागेल. दोनचाकी ट्रॉलींत आंसाच्या पुढें थोडें वजन अधिक असणें प्रवासालाहि हिताचें आहे. मागें ओझें झालें म्हणजे दांडी वर उचलली जाते. फाळक्याजवळ अखेर गाद्या, टोपल्या, झाडण्या, कोंबड्यांचा खुराडा असें द्यावें. कोंबड्यांसारखा पहारेकरी स्वस्तांत मिळत नाहीं. फाळक्याच्या खुंट्या नुसत्या अडकवूं नयेत. खुंटीच्या टोंकास भोंक पाडून तींत लहान कुलूप घालावें. ताडपत्री ही पावसासाठीं आहे. सुरीच्या एका ओढीनें ती फाटते. तिच्या भरंवशावर कांहीं ठेवूं नये.

निवडलेल्या बियाण्याचा येथें स्वतंत्र उल्लेख करतों. पिढीजात जोंधळ्याचें किंवा घेवड्याचें राखून ठेवलेलें बियाणें चोराच्या लेखीं चार पायल्या धान्य असतें, पण तें गेलें तर बाजारांत पैसे देऊनहि मिळत नाहीं. हलण्यापूर्वीं त्यांतील शेर दोन शेर शेजाऱ्याकडे ठेवून जावें.

वाटेंत मुक्काम शक्य तों करूंच नये. पहांटे निघून उजेडीं पोंचावें. थांबणें भाग पडल्यास फाळका भिंतीस भिडवून ट्रॉली उभी करावी आणि एक माणूस सामानावरून हलूं नये, त्याचा चहा त्याला वर न्यावा. अर्ध्या तासाच्या चहानें आमचें काय झालें तें वर लिहिलेंच आहे. रात्रीं ट्रॅक्टर सोडून ट्रॉली तशीच उभी ठेवण्याची चाल फार वाईट. दांडीची पिन उघडी असली म्हणजे दुसरा ट्रॅक्टर जोडून सबंध ट्रॉलीच नेतां येते. पिनच्या भोंकांत, किंवा दांडीच्या डोळ्यांत, जाड कुलूप घालावें व चाकांतून साखळी ओंवावी. मोटार वाहन कायदा, १९८८ प्रमाणें ट्रेलर हेंहि मोटारवाहनच आहे. तेव्हां ट्रॅक्टरचा निराळा व ट्रॉलीचा निराळा क्रमांक वहींत लिहिलेला असावा. अलीकडे कोणी सामानांत एक जुना मोबाईल चालू ठेवून गाडी कोठें आहे हें दुसऱ्या मोबाईलवर पाहतात. युक्ति बरी आहे; घाटांत मात्र तो मुका होतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची गोष्ट वेगळी. बीड, अहिल्यानगर व आसपासच्या जिल्ह्यांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास हजारों कुटुंबें मुलांलेंकरांसह ट्रॉलींत बसून कारखान्यांकडे निघतात व चार-सहा महिने कोपींत राहतात. कोपीला दार नसतें, तेथें आमचा बोल्ट व वायसर काय कामाचा? त्यांनीं उचलीच्या पैशांतून उरलेली रोकड निघण्यापूर्वीं बँकेंत किंवा पोस्टांत भरावी, दागिना व कागद गांवीं राहणाऱ्या वडील माणसाजवळ यादीसह द्यावेत, आणि सोबत नेलेली लोखंडी पेटी कोपीच्या मेढीस साखळीनें बांधावी. टोळींतील एक म्हातारें माणूस दिवसा कोप्यांवर राहील अशी पाळी मुकादमानें लावून देणें हें त्याचें काम आहे. बरेच मुकादम तें करीत नाहींत.

भाड्याची मालमोटर ठरविली तर मालाची किंमत लिहून द्यावी व पावती घ्यावी. रस्त्यानें माल वाहून नेण्याचा धंदा करणारांस २००७ चा कायदा लागू आहे. त्याप्रमाणें नुकसानीचा दावा लावण्यापूर्वीं माल दिल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आंत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी ठरलेल्या ओळखीच्या ट्रॉलीवाल्यापाशीं यांतलें कांहींच नसतें; भिडेखातर आम्हीं पावती मागितली नव्हती.

चोरी झालीच तर सामान आणखी हालवूं नये. आधीं फोटो काढावेत, मग ठाण्यांत जावें. कोणत्या हद्दींत चोरी झाली हें प्रवासांत सांगतां येत नाहीं, आणि पूर्वीं एका ठाण्यानें दुसऱ्याकडे बोट दाखविण्यांत दिवस जाई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणें गुन्हा कोणत्याहि हद्दींत घडलेला असो, खबर जवळच्या ठाण्यांत देतां येते व तिची प्रत विनामूल्य मिळते. त्याच दिवसापासूनच्या भारतीय न्याय संहितेंत कलम ३०५ खालीं मालवाहू वाहनांतून वस्तु चोरणें हा स्वतंत्रपणें सांगितलेला अपराध आहे व त्यास सात वर्षांपर्यंत कैद व दंड अशी शिक्षा आहे. खबर देतांना वही पुढें ठेवावी आणि तींतील वर्णन शब्दशः लिहवून घ्यावें.

नव्या जागीं पोंचल्यावर आधीं त्या घराच्या दाराचें कुलूप बदलावें. मागील भाडेकरूकडे किल्ली राहिलेली असूं शकते. मग वही घेऊन एकानें फाळक्यापाशीं उभें राहावें आणि उतरणाऱ्या प्रत्येक आंकड्यावर खूण करावी. हें काम आमच्या घरीं आतां आमचें कुटुंब करतें. आम्ही नुसते आंकडे पुकारतों. सर्व खुणा जुळेपर्यंत भाड्याचा शेवटचा हप्ता देऊं नये, आणि ट्रॉली परत फिरण्यापूर्वीं हौदा झाडून पाहावा. शेवटच्या बदलींत भुशाखालीं, पुढील कोपऱ्यांत, देवघरांतील चांदीची लहान वाटी निघाली होती. तिचा आंकडा वहींत होता म्हणूनच आम्हीं ती शोधली.